हार्टच्या गोळ्या माणसं मध्येच का सोडतात? खान्देशातले अनुभव सांगा

बोरीकाठ
शनिवार, रात्री ११.२०

कुठल्या विभागात टाकू कळेना, म्हणून आरोग्यमध्ये टाकतोय. संपादकांना वाटलं तर हलवा. लांबलंय, आधीच माफी.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. मी नोकरीला पुण्यात, गावी आबा आणि आई. विहिरीवरचा थोडा कापूस, मागून दादर ज्वारी नाहीतर हरभरा, दोन म्हशी. मागच्या पौषात पहाटे म्हैस पिळताना आबांना दरदरून घाम फुटला आणि जबडा दुखायला लागला. आई म्हणाली दाढ असेल, लवंग धरा. चुलतभाऊ शहाणा निघाला, त्याने गाडी काढली. धुळ्याला इंजेक्शन झालं, तिथून नाशिक. केशरी कार्डावर फुले योजनेत अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. खिशातून गेलं ते गाडीभाडं आणि आमचं खाणंपिणं. चौथ्या दिवशी आबा स्वतःच्या पायांनी जिना उतरले. गावाला वाटलं, माणूस दुरुस्त होऊन आला.

सोबत सात गोळ्यांची चिठ्ठी होती.

मी रोज रात्री नऊला फोन करायचो. "आबा, गोळ्या घेतल्या?" "हो रे भाऊ." झालं. मला वाटायचं, मुलगा म्हणून आपण आपलं काम चोख करतोय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो. बहीणही आलेली. घरात खापरावरच्या पुरणपोळ्या चाललेल्या, मी फडताळात तुपाची बरणी शोधत होतो तर हाताला बिस्किटांचा पत्र्याचा डबा लागला. आत गोळ्या. खाली बसून सगळ्या पट्ट्या मांडल्या आणि मोजल्या. पित्ताची गोळी बरोब्बर संपलेली, एकही शिल्लक नाही. रक्त पातळ करायची मोठी गोळी, महागातली, तिच्या ४७ उरलेल्या. कोलेस्टेरॉलची निम्मी. लघवीच्या गोळीच्या पट्टीतल्या फक्त दोन फोडलेल्या.

मी ओरडलो. बहीण रडली. आबा शांतपणे म्हणाले, "आते मी चांगला शे. कसाले गोया?" आणि पोळी मोडायला लागले. तिसऱ्या दिवशी मी पुण्याला निघून आलो.

ज्येष्ठात दुसरा ॲटॅक आला. तोच स्टेंट गच्च झालेला. वाचले, पण हृदयाचं पंपिंग आता ३५ टक्के. दवाखान्याच्या फाइलवर पेशंट ऐकत नाही अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं होतं आणि मला ते शंभर टक्के पटलेलं होतं.

आयसीयूतून वॉर्डात आणल्यावर एका रात्री झोप येत नव्हती दोघांनाही. तेव्हा सहज विचारलं, "आबा, यातली कोणती गोळी तुम्हाला आवडत नाही?" 'घेतली का' असं नाही विचारलं, एवढाच फरक. तर तासभर बोलले. प्रत्येक गोळीची तक्रार निराळी. लघवीची सकाळी घ्यायची, आणि सकाळी साडेसातची एसटी तालुक्याला. "यष्टीमा लागनी तं कथा उतरू?" कोलेस्टेरॉलची रात्री जेवल्यावर. पण शेतीची लाईट रात्रीची, माघापासून ते दाराला, म्हणजे पिकाला पाणी भरायला, जायला लागले होते, भाकरी बांधून शेतावर, गोळ्या घरी. आणि ती महागडी? दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. त्यांचं म्हणणं, रक्त पातळ करायचं होतं ते झालं पातळ, अजून केलं तर पाणीच होईल. यात वेडगळ काय आहे सांगा. त्यांना मिळालेल्या माहितीवर हिशोब बरोबर होता.

हे डॉक्टरांना का नाही सांगितलं? "तेस्ले टाइम नव्हता."

तर विचारायचं असं, की तुमच्या घरी हे कसं चाललंय? जे नियमाने घेतात ते का घेतात, आणि जे सोडतात ते नेमके कुठे सोडतात?


शेवभाजी_तर्री
शनिवार, रात्री ११.५१

घरोघरी मातीच्या चुली. वाचतोय.


पावतीवाला
रविवार, सकाळी ७.०५

चोपडा भागात माझं मेडिकल आहे, काउंटरच्या अलीकडून जे दिसतं ते लिहितो.

दवाखान्यातून सुटल्यावर पहिल्या महिन्यात मुलगा येतो. मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो, सगळ्या तीस दिवसांच्या द्या, पैसे ऑनलाइन. दुसऱ्या महिन्यात बाई येते आणि पंधरा दिवसांच्या मागते. तिसऱ्या महिन्यात पेशंट स्वतः येतो. तो पट्टी पुढे सरकवतो आणि विचारतो, "भाऊ, यातली मेन कोणती?"

हा प्रश्न मी आजवर किती वेळा ऐकला असेल, हिशोब नाही. त्याच्या खिशात तीनशे रुपये असतात आणि बिल हजाराच्या वर. त्याला मेन कोणती ते सांगितलं तर बाकीच्या बंद होणार. नाही सांगितलं तर तो स्वतः ठरवणार. आणि स्वतः ठरवताना तो हमखास पित्ताची गोळी निवडतो, कारण ती घेतली की छातीतली जळजळ थांबते. ती 'लागू पडते'. कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन आजवर कोणाला काही जाणवलंय का? न जाणवणाऱ्या मालाला गिऱ्हाईक नसतं, मग ते आमच्या धंद्यात असो नाहीतर कपाशीच्या बियाण्यात.

दुसरं, सुटी गोळी. पाच द्या, सात द्या. आम्ही कात्रीने पट्टी कापतो. बऱ्याचदा एक्स्पायरी आणि नाव एकाच टोकाला छापलेलं असतं, ते कोणा एकाकडे जातं. बाकीच्यांच्या घरी नुसते चांदीचे तुकडे. कोणता कशाचा, ते त्यांना रंगावरून कळतं. कंपनी बदलली की रंग बदलतो. आमच्याकडे एक आजी बीपीची जुनी पांढरी आणि नवी गुलाबी, दोन्ही खात होत्या. औषध एकच. चक्कर येऊन ओट्यावरून पडल्या तेव्हा उलगडा झाला.

जनऔषधीचं विचाराल तर माझ्या पोटावर पाय आहे तरी सांगतो, हृदयाच्या रोजच्या बऱ्याच गोळ्या तिथे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. पण लोक म्हणतात हलकी गोळी आहे. स्वस्त म्हणजे हलकी हे आम्हीच इतकी वर्षं शिकवलं त्यांना, आता भोगतोय.

दिवाळीनंतर कापूस विकला की हीच माणसं दोन-दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम नेतात. तेव्हा नियमित. आषाढात गायब.


नावात_काय_आहे
रविवार, सकाळी ९.३०

लसूण, आलं, लिंबू, सफरचंदाचं व्हिनेगर उकळून मधात. तीन महिने. आमच्या काकांचे ९० टक्के ब्लॉकेज गेले. ॲलोपॅथीवाले हे सांगणार नाहीत, त्यांचा धंदा बसेल.


शेवभाजी_तर्री
रविवार, सकाळी ९.४४

गेले हे कशावरून? परत अँजिओग्राफी केली का?


नावात_काय_आहे
रविवार, सकाळी १०.०२

करायची गरजच काय, त्यांना बरं वाटतंय.


शेवभाजी_तर्री
रविवार, सकाळी १०.०३

आबांनाही आखाजीला बरंच वाटत होतं.


निवृत्त_लोकोवाला
रविवार, दुपारी १.१५

मी स्वतः पेशंट. भुसावळ. रेल्वेत आयुष्य गेलं. बायपास होऊन आठ वर्षं झाली.

पावतीवाल्यांचं खरं आहे, पण पैसा हे अर्धंच कारण समजा. मला रेल्वेच्या दवाखान्यातून महिन्याच्या महिन्याला गोळ्या फुकट मिळतात. रांगेत उभं राहायचं, पिशवी भरून आणायची. तरी मी दोन वर्षं एक गोळी कचऱ्यात टाकत होतो. बायकोला वाटायचं घेतो. डॉक्टरांना वाटायचं घेतो. बीपी तपासायला जायच्या आधी चार दिवस घ्यायचो, म्हणजे कागद चांगला दिसायचा. गाडीची तपासणी असली की इंजिन पुसून ठेवायचं, तसंच.

कारण इथे टोपणनाव आहे म्हणून लिहितो. ऑपरेशननंतर नवरा-बायकोतलं संपलं होतं. मी तेव्हा ५४. ओळखीच्या एकाने सांगितलं, ती नाडी हळू करणारी गोळी आहे ना, तिच्याने होतं. बस. बंद केली. डॉक्टरांना विचारायचं तर तिथे केबिनमध्ये बायको बसलेली, दारात शिपाई, मागे पंचवीस माणसं. तोंडातून शब्द निघाला नाही. फरक पडला का? थोडा पडला, की पडलासा वाटला, खरं सांगता येणार नाही.

पुढे एकदा घरीच छातीत धडधड इतकी वाढली की पुन्हा ॲडमिट. तिथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होता, तो खुर्ची ओढून बसला आणि बायको चहाला गेल्यावर म्हणाला, "काका, ही गोळी बरेच पुरुष सोडतात, तुम्ही सोडली होती का?" बरेच पुरुष म्हणाला म्हणून मी हो म्हणालो. एकट्याला विचारलं असतं तर नाहीच म्हणालो असतो.

गोळी बदलून दिली. आता घेतो. सकाळची पहिली चहाआधी, ५.४० ला. ड्यूटीची सवय आहे, घड्याळ चुकत नाही.


मेहरूणची_बोरं
रविवार, रात्री १०.१०

मी फिजिशियन आहे, जळगावकडे प्रॅक्टिस. इथे कोणाचा डोस ठरवणार नाही, विचारू नका. पण चार गोष्टी सांगतो.

लोकोवाले काका, तुमच्या प्रतिसादाला दंडवत. नाडी हळू करणाऱ्या गोळ्या म्हणजे बीटा ब्लॉकर. त्या एकदम बंद केल्या की नाडी उसळते, तुमची धडधड त्यातली असू शकते. ज्यांना हा त्रास वाटतो त्यांनी डॉक्टरांना एकट्याने गाठावं, पर्याय असतात. आणि एक धोक्याचं: हृदयाच्या रुग्णांपैकी जे जिभेखालची किंवा रोजची नायट्रेटची गोळी घेतात त्यांनी मेडिकलमधून गुपचूप 'ताकदीची' निळी गोळी आणून घेऊ नये. दोन्ही एकत्र आल्या तर बीपी इतकं कोसळतं की माणूस हाती लागत नाही. लाजेपोटी कोणी सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

आबांच्या स्टेंटबद्दल. स्टेंट ही धातूची जाळी. शरीर तिच्यावर हळूहळू आतून अस्तर चढवतं. औषध लावलेल्या स्टेंटवर हे अस्तर मुद्दामच सावकाश येतं, नाहीतर नळी पुन्हा अरुंद होते. तोवर उघड्या धातूला रक्तातल्या चिकट पेशी, म्हणजे प्लेटलेट, चिकटतात आणि क्षणात गुठळी. म्हणून ॲटॅकनंतर साधारण वर्षभर दोन गोळ्या, ॲस्पिरिन आणि जोडीला दुसरी, आणि पुढे बहुतेकांना एक कायमची. 'रक्त पातळ' हा शब्द आम्हीच रूढ केला आणि तोच फसवा आहे. रक्त दुधासारखं पातळ होत नाही, त्याचा चिकटपणा कमी होतो. हिरडीतून थोडं रक्त येणं याचा अर्थ गोळी काम करतेय असाही असू शकतो. खूप येत असेल, शौचाला काळं होत असेल, तर त्याच दिवशी दाखवायचं. पण स्वतः बंद करायची नाही. दात काढायचा असला तरी आधी हृदयवाल्या डॉक्टरांना फोन.

स्टेंटच्या किमतीवरून मोठी ओरड झाली, सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, औषध लावलेला स्टेंट साधारण २९,६०० रुपयांवर आला. चांगलं झालं. योजनेत तर तोही खर्च नाही. पण तो एकदाचा खर्च. त्याच्यानंतर दर महिन्याला जी पिशवी लागते ती बहुतेक घरांना स्वतःच भरावी लागते. नातेवाईक स्टेंट कोणत्या कंपनीचा हे तासभर विचारतात. गोळ्या कुठून आणणार, हे मी विचारलं की एकमेकांकडे बघतात.

हे आपल्याकडचंच आहे असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालीच लिहून ठेवलं, की श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराचे रुग्ण सरासरी निम्मेच औषधं नीट घेतात. आपली कथा त्याच्याही आधी अडते. १७ देशांतला एक मोठा अभ्यास २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, त्यात हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांना विचारलं होतं. गरीब देशांच्या गटात, आणि भारत त्याच गटात होता, दर दहांपैकी आठ जण सिद्ध झालेल्या औषधांपैकी एकही घेत नव्हते. एकही.

गोळ्यांची संख्या कमी केली तर? चार औषधं एकाच गोळीत घालून भारतात आणि युरोपात दोन हजार लोकांवर प्रयोग झाला, २०१३ मध्ये छापून आला. एका गोळीवाल्यांत ८६ टक्के लोक शेवटपर्यंत नियमित राहिले, सुट्या गोळ्यावाल्यांत ६५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अशी गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. माझ्या रुग्णांपैकी किती जणांना मी ती देतो? फार थोड्यांना. डोस जुळत नाही, दुकानात मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर सवयही नाही.

टाइम नव्हता, हे आबांचं वाक्य मला लागलं. दुपारी दोनपर्यंत ऐंशी रुग्ण बघायचे असतात. मी 'गोळ्या चालू आहेत ना?' असंच विचारतो, आणि मला हो ऐकायचं असतं.


पांझरा
सोमवार, सकाळी ८.२५

धुळ्याहून. आमच्या अब्बूंचं रमजानात दरवर्षी हेच. सकाळ-दुपार-रात्र लिहिलेलं, आणि रोजात दुपार कुठून आणायची? पहिल्या वर्षी त्यांनी दुपारची सोडून दिली, दुसऱ्या वर्षी इफ्तारला दोन्ही एकदम घेतल्या आणि नमाजला उभे राहताना खाली बसले. आता शाबान महिन्यातच डॉक्टरांकडे जातो, ते सहरी आणि इफ्तारच्या वेळेला बसेल अशी चिठ्ठी लिहून देतात. एका वर्षी सरळ म्हणाले, या खेपेला रोजा नको. अब्बूंना वाईट वाटलं, पण ऐकलं, कारण आधीची चार वर्षं डॉक्टरांनी त्यांचं ऐकलं होतं.


कळण्याची_भाकरी
सोमवार, दुपारी ३.४०

सगळे आबा, काका, अब्बू. आता बाईचं ऐका.

आमच्या सासूबाईंना झडपेचा त्रास, हृदय मोठं झालंय, पायाला सूज. यावलकडचं केळीवाल्यांचं घर, पैशाची अडचण नाही. चिठ्ठीवर लिहिलंय 'सकाळी नाश्त्यानंतर'. आता सांगा, त्या पिढीची कोणती बाई सकाळी नाश्ता करते? चहा बशीतून, तोही उभ्याने. मग घरच्यांचं, मजुरांचं, पाहुण्यांचं. पहिला घास दीड वाजता. तोवर सकाळची गोळी दुपारची होते आणि दुपारची राहून जाते. त्या चुकवत नाहीत हो. 'जेवणानंतर' हे त्या अक्षरशः पाळतात, जेवणच होत नाही!

चैत्र-वैशाखात तर विचारूच नका. पापड, बिबडे, कुरडया. गच्चीवर ४४ डिग्रीत बसून राखण. चव बघायची म्हणून पापडाची लाटी खातात, त्यात मीठ आणि वरून पापडखार, तोही सोडियमच. संध्याकाळी पाय सुजले की म्हणतात उन्हाने झालं. आणि उन्हाळ्यात लघवीच्या गोळीने उलटंही होतं, अंगातलं पाणी जाऊन चक्कर. म्हणजे एका हाताने मीठ, दुसऱ्या हाताने गोळी. आमचे डॉक्टर उन्हाळा लागला की एकदा बोलावून डोस बघतात, हे बरं आहे.

मी काय केलं ते सांगते. उपदेश बंद केला. सकाळी सात वाजता मी माझा चहा आणि दोन खारी घेऊन त्यांच्याजवळ बसते आणि म्हणते, मला एकटीला खाल्लं जात नाही. त्या खातात. मग गोळी. माझं वजन तीन किलो वाढलं, ते वेगळं.

अवांतर: नवरात्रात नऊ दिवस गोळ्या बंद ठेवणाऱ्या किमान पाच बायका माझ्या ओळखीत आहेत. गोळीने उपास मोडतो म्हणे. भगर आणि साबुदाण्याने मोडत नाही.


सातपुडा_पायथा
मंगळवार, रात्री ९.१५

नंदुरबार जिल्ह्यात, वरच्या भागात आरोग्य खात्यात काम करते. तुमच्या चर्चेत स्टेंट आहे, नाशिक आहे. आमच्याकडचा हृदयाचा आजार बऱ्याचदा वेगळा असतो. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, कोणी लक्ष देत नाही, आणि त्यातून हृदयाच्या झडपा खराब होतात. संधिवाताच्या तापाचा हृदयरोग. गरिबीचा, दाटीच्या घरांचा आजार. मुलींमध्ये, तरुण बायकांमध्ये जास्त दिसतो.

याला साधा उपाय, दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं कमरेत इंजेक्शन. वर्षानुवर्षं. औषध स्वस्त आहे. पण ते इतकं घट्ट असतं की सुई आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत पोरगी दात आवळून असते, दोन दिवस लंगडते. आणि इंजेक्शन न घेतल्याने उद्या काही होत नाही. परवाही नाही.

माझ्याकडे एक मुलगी होती, चौदा वर्षांची. तिच्या घराच्या कुडावर आम्ही कोळशाने रेघा मारल्या होत्या, दर बाजाराला एक. बाजार आठवड्याचा, म्हणजे तीन रेघा झाल्या की उपकेंद्रात यायचं. कॅलेंडरपेक्षा बरं चाललं. सलग सात इंजेक्शनं झाली. मग दिवाळी आली आणि घर ऊसतोडीला गुजरातेत गेलं. मी चिठ्ठी दिली, तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवा म्हणून. चिठ्ठी मराठीत होती. तिकडे कोणी वाचणार? हे मला ती गेल्यावर सुचलं.

होळीला घरं परत येतात, कितीही लांब असली तरी. ती आली तेव्हा दम लागत होता. आईला मी काय बोलणार? ऊसतोडीत उचल घेतलेली असते, मुकादम एक दिवस सोडत नाही. आता मी दिवाळीआधी तारखांचं कार्ड गुजरातीत लिहून घेते, नवापूरचा एक शिक्षक लिहून देतो. तिकडे फोन करून विचारते. काही जणी घेतात. सगळ्या नाही.

आणि कोणाला धातूची झडप बसवलेली असेल तर त्यांची रक्त पातळ करायची गोळी वेगळी, तिला दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. आमच्याकडून तपासणीला जायचं म्हणजे आख्खा दिवस आणि एका दिवसाची मजुरी. त्या गोळीवर असताना पालेभाज्यांचा ताळ ठेवायचा असतो, बंद करायच्या नसतात, कमी-जास्त करायच्या नसतात. पावसाळ्यात आमच्याकडे रानभाज्यांशिवाय दुसरं असतं काय. गोळीचा हिशोब आषाढात चुकतो तो असा. भगताकडे जातात म्हणून हसू नका त्यांना. भगत घरी येतो, रात्रभर बसतो.


नावात_काय_आहे
मंगळवार, रात्री १०.०५

वरचं वाचून माझा प्रतिसाद काढावासा वाटतोय, पण एडिट होत नाहीये. काकांना पुन्हा दाखवायला नेतो म्हणालोय. अर्जुनसादड्याची साल चालू ठेवली तर चालेल का?


मेहरूणची_बोरं
मंगळवार, रात्री ११.३०

जे काही घेतात ते सगळं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, सालीसकट. लपवलं की घोळ होतो. झडपवाल्यांच्या गोळीशी तर कित्येक काढे भांडतात. लसूण भाजीत खा, काही हरकत नाही, पण त्याने ब्लॉकेज विरघळत नाही.

सातपुडाताई, गुजरातीतल्या कार्डाची कल्पना मी चोरतोय. माझेही निम्मे रुग्ण सुरतेला मुलांकडे जाऊन येऊन असतात.


बोरीकाठ
पुढचा रविवार, रात्री ९.४५

सगळ्यांना धन्यवाद. सगळे प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवले. लोकोवाल्या काकांचा सोडून. तो आबांना पाठवला, त्यावर काही बोलले नाहीत, फक्त 'वाचं' एवढं म्हणाले.

शुक्रवारी रजा काढून गेलो होतो. या वेळी आबांना एकट्याला आत पाठवलं आणि हातात कागद दिला, त्यावर आम्ही दोघांनी बसून लिहिलेल्या चार तक्रारी. डॉक्टरांनी वाचल्या. लघवीची गोळी बाजाराच्या दिवशी दुपारी घरी आल्यावर घ्यायची परवानगी मिळाली, तिचा जोर पाच-सहा तासच असतो म्हणे. कोलेस्टेरॉलची सकाळी घेतली तरी चालते असं निघालं, त्यांच्या औषधाला रात्रच हवी असं नाही. म्हणजे पाच महिने जो घोळ झाला तो एका ओळीच्या प्रश्नाने मिटण्यासारखा होता. रामिप्रिल नावाची एक होती, तिच्यामुळे कोरडा खोकला येतोय हे तर मलाही माहीत नव्हतं. आबा त्याला कापसाची धूळ समजत होते. ती बदलली.

मी आठवड्याचा सात खणांचा प्लॅस्टिकचा डबा नेला होता. आबांनी तो हातात फिरवून बघितला, म्हणाले बियाणं ठेवायला चांगला आहे. पण घेतला. दुसरी चिठ्ठी शेतावरच्या खोपीत, खुंटीला टांगलेल्या पिशवीत, तीन दिवसांच्या गोळ्यांसकट. आई म्हणाली उन्हाने खराब होतील, म्हणून पिशवी माठाच्या बाजूला गेली.

आज फोनवर 'घेतल्या का' विचारलं नाही. विचारलं, "कोणता खण रिकामा झालाय?"

"सोमवार."

"का बरं?"

"आज दोन डाव लिवाई ग्यात भो. माले वाटनं सोमवार शे."

डॉक्टरसाहेब, एका दिवशी सकाळच्या गोळ्या दोनदा घेतल्या गेल्या तर काय करायचं असतं? उद्या सकाळी आमच्या डॉक्टरांना फोन करतोच आहे. आबा ओसरीवर बसून दादरची भाकरी आणि भरीत खाताहेत, चक्कर वगैरे काही नाही म्हणतात. पण ते तसंच म्हणतात.